हॅबिटॅट एवढं मोठं, तरी 'जागा कमी'? छप्पर घातलं, तरी शेल्टर लाल? प्लॅनेट झूमधलं नेहमीचं दुखणं

प्लॅनेट झू हा प्राणिसंग्रहालय उभारायचा गेम, आणि हॅबिटॅट म्हणजे त्यात प्राण्यासाठी बांधलेली कुंपणबंद जागा. लक्षणं ओळखीची आहेत. कुंपण पूर्ण, गेट जागेवर, आत हिरवळ, कोपऱ्यात ऐसपैस छप्पर, मधोमध तळं. प्राणी आत सोडतो, वेळ सुरू करतो आणि थोड्याच वेळात सूचना येते की जागा अपुरी आहे. तिच्या मागोमाग दुसरी: शेल्टर अपुरं. मग आपण काय करतो, तर कुंपण दहा मीटर बाहेर सरकवतो. पॅनलमधली जागेची पट्टी किंचित हलते आणि तिथंच अडकते. आणखी दहा मीटर. असं करत करत शेजारच्या झेब्र्यांच्या कुंपणाला जाऊन भिडलो की गेमच्या नावानं बोटं मोडायची.

मी हे एकदा नाही, तीनदा केलंय. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार होता. माझ्या तिन्ही हॅबिटॅटमध्ये जागा भरपूर होती, फक्त ती प्राण्यांपर्यंत पोचत नव्हती.

या दुखण्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपण जागा वरून पाहतो, कॅमेऱ्यातून. गेम ती पायानं मोजतो. ज्या जमिनीवर त्या जातीच्या प्राण्याला चालत जाऊन उभं राहता येतं तेवढीच जमीन हिशेबात धरली जाते. कुंपणाच्या आत असलेली पण पाय न पोचणारी जमीन ही फक्त शोभा. शेल्टरचंही तेच आणि चढायच्या जागेचंही तेच. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं फक्त तपासत जायचं काम उरतं.

(हे सगळं प्लॅनेट झूबद्दल आहे, म्हणजे फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सचा २०१९ च्या नोव्हेंबरात पीसीवर आलेला गेम. आणि फक्त मोठ्या हॅबिटॅटबद्दल. साप, कोळी, बेडूक काचेच्या ठरावीक मापाच्या एक्झिबिटमध्ये राहतात, तिथं जागेचं गणित आपल्या हातात नसतंच.)

आधी कुंपण सरकवणं थांबवा

गेम पॉज करा आणि सेव्ह करून ठेवा. पॉजवर बांधकाम करता येतं, त्यामुळे घाई कसलीच नाही.

सर्वात आधी झूपीडियात, म्हणजे गेममधल्या प्राणिकोशात, त्या प्राण्याचं पान उघडा. जमीन किती, पाणी किती, चढायची जागा लागते का, कुंपण कोणत्या ग्रेडचं आणि किती उंच, तापमान कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये, कळप केवढा, हे सगळं तिथं आहे. जमिनीचा आकडा बघताना बरेच जण चुकतात. मुळात लागणारी जागा हा एक आकडा असतो आणि प्रत्येक वाढीव प्राण्यामागे लागणारी जागा हा दुसरा. पहिलाच वाचून कुंपण घातलं आणि आत सहा जनावरं सोडली, तर दोष कुणाचा? हिशेब कागदावर करा. आज आत आहेत तेवढ्यांचा नको, वर्षभरानं जेवढे होतील तेवढ्यांचा करा. त्या 'वर्षभरानं'बद्दल शेवटी वेगळं लिहिलंय, कारण तिथं माझी फार मोठी फजिती झाली आहे.

मग आतला एखादा पूर्ण वाढलेला प्राणी निवडा आणि त्याच्या माहितीच्या पॅनलमधून ट्रॅव्हर्सेबल एरिया चालू करा. जिथं तो जाऊ शकतो त्या जमिनीवर रंग चढतो. या एका बटणानं जेवढे प्रश्न सुटतात तेवढे बाकी सगळ्या उपायांनी मिळून सुटत नाहीत. तरी लोक ते शेवटी दाबतात. मीही शेवटीच दाबलं होतं.

रंग न चढलेली जमीन: खरा चोर इथं सापडतो

माझं पहिलं प्रकरण हिमबिबट्याचं. हिमबिबट्या म्हटला की डोंगर हवा, असं डोळ्यांसमोर असतं. म्हणून मी हॅबिटॅटच्या मधोमध एक झकास सुळका उभारला. कडे तुटलेले, वर बर्फ, मध्ये देवदाराची झाडं. स्क्रीनशॉट काढायला एकदम फक्कड. ट्रॅव्हर्सेबल एरिया चालू केला तर सुळक्याभोवती एक अरुंद रंगीत कडं आणि मधोमध भलं मोठं कोरं भगदाड. सुळक्यावरची चढण इतकी उभी होती की गेमच्या लेखी ती भिंतच.

आकड्यांत मांडून बघू. समजा, हॅबिटॅट ४० बाय ३० मीटर आहे, म्हणजे १२०० चौरस मीटर. त्यात २० मीटर व्यासाची उभ्या कड्यांची टेकडी घातली तर सुमारे ३१४ चौरस मीटर गेले. उरले ८८६. मग १५ बाय १० चं तळं खणलं, आणखी १५० वजा. राहिले ७३६. वर मोठमोठे खडक, दाट झाडी आणि एखादा कारंज्यासारखा सजावटीचा पसारा. बघता बघता निम्मी जमीन गायब, आणि कुंपण मात्र १२०० चंच दिसतंय! तळ्याचं पाणी गेम वेगळ्या रकान्यात धरतो. पाण्याची गरज तिथं भागते, जमिनीच्या आकड्यात ते येत नाही.

उतार सौम्य करायला टेरेनमधलं, म्हणजे जमिनीला आकार द्यायच्या साधनांतलं, स्मूद वापरा आणि ब्रश मोठा ठेवा. छोट्या ब्रशनं घासत बसलं की पायऱ्या पडतात, आणि एखादीच पायरी उभी राहिली तरी वरचा सगळा भाग तुटतो. मी सुळका पाडला नाही. एका बाजूनं वळसा घेत वर जाणारी रुंद वाट काढली आणि माथा सपाट केला. माथ्यावर रंग चढला. बिबट्या थेट तिथं जाऊन बसला, आणि खालून बघणाऱ्यांची सोय आपोआप झाली. कडे तीन बाजूंनी तसेच आहेत.

तुटलेला भाग हा दुसरा चोर. जमीन सपाट असते, मोकळी असते, पण तिथं जायची वाट एका ओंडक्यानं नाहीतर दोन खडकांच्या मधल्या चिंचोळ्या फटीनं अडलेली असते. हिशेबाला गेटपासून सुरुवात करा, कारण प्राण्याला आणतात ते गेटनं आणि प्राण्यांची देखभाल करणारा कीपर येतो-जातो तोही गेटनं. गेटच्या आत पहिल्या पाच-सहा मीटरांत काहीही ठेवू नका. झाड नको, दगड नको, अन्नाचं ताटसुद्धा नको. गेटसमोरचा एक दगड अख्खं हॅबिटॅट बंद करू शकतो.

फट किती रुंद असली की पुरते, हे जातीगणिक बदलतं. ज्या फटीतून लेमूर सहज निघतो तिथं गेंड्याचं नाकसुद्धा शिरत नाही. म्हणून ट्रॅव्हर्सेबल एरिया नेहमी आतल्या सर्वात धिप्पाड जातीचा प्रौढ प्राणी निवडूनच बघावा. पिल्लावर विसंबू नये.

तिसरा चोर आकाराचा, आणि हा कुणाच्या लक्षातच येत नाही. रस्ता, दुकानं, दुसरी हॅबिटॅटं यांच्या मधे उरलेल्या जागेत आपण लांबुळकं कुंपण घालतो. १४० मीटर कुंपण घेऊन बसा. ६० बाय १० असं घातलं तर आत ६०० चौरस मीटर. ४० बाय ३० घातलं तर तेवढ्याच कुंपणात १२००. चौरस केलं, ३५ बाय ३५, तर १२२५. आणि गोल केलं तर सुमारे १५६०! कुंपण तेच, पैसे तेच, त्याच्या देखभालीला लागणारा मेकॅनिक तोच. जागेची ओरड असलेल्या हॅबिटॅटपैकी निदान माझ्या पाहण्यातली बरीचशी अशी पट्टीसारखी असतात. कुंपण ओढून लांब करण्यापेक्षा पोटात फुगवा.

खंदकवाल्यांसाठी एक गोष्ट. काही जण खंदक खणून त्यापुढे नल बॅरिअर, म्हणजे न दिसणारं कुंपण, लावतात, त्यामुळे बघणाऱ्याला मधे कुंपण दिसत नाही. कल्पना सुरेख आहे आणि जुनीही. कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगेनला प्राणिसंग्रहालय उघडलं तेव्हा गजांऐवजी खंदक वापरून लोकांना थक्क केलं होतं. पण खंदक जागा खातो, आणि तोही काठाकाठानं, म्हणजे जिथं सर्वात जास्त चौरस मीटर असतात तिथंच. ४० बाय ३० च्या हॅबिटॅटला आतून चारी बाजूंनी ३ मीटरचा खंदक काढला तर उरतं ३४ बाय २४, म्हणजे ८१६. सुमारे एक तृतीयांश जमीन खंदकात. खंदक काढायचा तर फक्त प्रेक्षकांच्या बाजूला काढा, बाकी तीन बाजूंना साधं कुंपण झाडीमागे लपवा. कुणाला कळतसुद्धा नाही.

शेल्टर: मोठं घर, पोकळ वासा

आता हत्तींची गोष्ट.

माझ्या भाच्यानं भारतीय हत्तींसाठी शेल्टर बांधलं. तयार ब्ल्यूप्रिंट नाही, एकेक तुकडा जोडून. लाकडी खांब, वर उतरतं छप्पर, दोन्ही बाजूंना नक्षी, आत गवताचं अंथरूण, छपराला दिवे. तीन संध्याकाळी खपला होता. तरी शेल्टर लाल. "मावशी, तूच बघ, आत आणखी चार हत्ती मावतील!" म्हणून मला बसवलं.

"अरे, मावतील. पण शिरतील कुठून?"

दोन खांबांमधलं अंतर बघितलं. त्यानं खांब सुंदर दिसावेत म्हणून जवळजवळ लावले होते. ट्रॅव्हर्सेबल एरिया चालू केला तर छपराखालची जमीन पूर्ण कोरी. गंमत म्हणजे हत्तीचं पिल्लू आरामात आत झोपलेलं होतं. त्यामुळेच भाच्याची खात्री झाली होती की शेल्टर चालतंय. पिल्लू शिरत होतं, आई बाहेर पावसात.

एक आड एक खांब काढला. छपराखाली रंग चढला आणि आम्ही दोघंही खूश. तरी पट्टी पूर्ण भरेना! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते हे. शेपूट निघालं अंथरुणाच्या मागे. त्यानं मागच्या भिंतीशी सजावटीची पिंपं आणि ओंडके रचले होते, त्यांनी छपराखालची एक तृतीयांश जमीन खाल्ली होती. पिंपं बाहेर काढली, पट्टी हिरवी झाली. छपराचा आकार शेवटपर्यंत एका इंचानंही वाढवावा लागला नाही.

यातून शेल्टर तपासायची माझी रीत ठरली आहे. आधी छप्पर खरोखर वर आहे का ते बघा. झाडाची सावली हार्ड शेल्टर नव्हे. ऊन-पाऊस अडवणारं घट्ट छत लागतं. मग छपराखाली प्रौढ प्राण्याचा रंग चढलाय का. मग तो रंग किती जागेवर चढलाय. छपराचं क्षेत्रफळ बघू नका, खालच्या रंगीत जमिनीचं बघा. प्राण्यांची संख्या वाढली की ही गरजही वाढते, तेव्हा पाच प्राण्यांना पुरलेलं शेल्टर नऊ जणांना पुरत नाही यात नवल नाही.

तुकड्यांनी बांधणाऱ्यांचा एक खास घोटाळा असतो. आतली जमीन. शेल्टर दिसायला छान व्हावं म्हणून आपण फरशीचे तुकडे टाकतो, आणि फरशी जमिनीपासून हातभर वर राहते. बाहेरून बघितलं तर ओटा. प्राण्यासाठी ती पायरी आहे, आणि कधीकधी ती त्याला चढता येत नाही. फरशीचे तुकडे काढून टाका आणि टेरेन पेंटनं मातीच रंगवा. दिसायलाही बरं दिसतं. ज्यांना फरशी हवीच आहे त्यांनी जमीन उचलून फरशीला टेकवावी.

आणि दार! प्राणी निदान दोन बाजूंनी आत-बाहेर करू शकतील असं शेल्टर ठेवावं, असं माझं मत. गेमची तशी अट नाही, पण एकाच दारात कळपाची कोंडी होते आणि कीपर आत अडकून उभा राहतो. भिंती मुळात लागतातच असं नाही. चार खांब आणि पत्रा एवढ्यावरही माझे प्राणी समाधानी राहिले आहेत. भिंती मी फक्त लाजाळू जातींसाठी घालते.

छत फार उंच बांधण्याची हौस मात्र आवरा. जिराफांसाठी ठीक आहे, बाकीच्यांना गरज नाही. पैसे जातात आणि प्रेक्षकांचा देखावाही.

चढणारे आणि डुंबणारे

ओरांगउटान, लेमूर, रेड पांडा असल्या प्राण्यांना चढायची जागा वेगळी मोजली जाते. तिथंही चूक तीच: वर दहा फळ्या लावल्या, पण खालून वर जाणारा ओंडका पहिल्या फळीला टेकलाच नाही. एक वीतभर अंतर राहिलं की वरचा सगळा डोलारा हवेत. 'चढता येईल' असं लिहिलेलेच तुकडे वापरा, आणि जमिनीपासून सुरुवात करून एकाला दुसरा टेकवत वर जा.

चढणाऱ्यांच्या बाबतीत याचीच उलटी बाजूही आहे. कुंपणाला लागून खडक किंवा शेल्टर उभारलं की जागा वाढते खरी, पण सुटकेची शिडीही तयार होते. शेल्टरच्या छपरावरून कुंपणापलीकडे उडी मारलेला प्राणी प्रेक्षकांत शिरला की मग जागेची पट्टी कोण बघतंय! छप्पर कुंपणापासून चांगलं लांब ठेवा आणि जिथं झूपीडिया सांगतो तिथं क्लाइंब-प्रूफ, म्हणजे चढता न येणारं, बॅरिअरच लावा.

पाणघोडा, ध्रुवीय अस्वल यांच्या तळ्याला विस्ताराबरोबर खोलीही लागते. तळं पसरट आणि उथळ राहिलं तर पाण्याची पट्टी लाल. काठ मात्र एका बाजूनं तरी घसरगुंडीसारखा उतरता ठेवा, नाहीतर प्राणी आत जातो आणि बाहेर यायला वाटच सापडत नाही. पाणी स्वच्छ राहायला वॉटर ट्रीटमेंट, आणि त्याला वीज. तळं हिरवं पडलं की आधी ट्रान्सफॉर्मर बघा.

पट्टी जागेची, दुखणं दुसरंच

सगळं तपासलं, सगळीकडे रंग चढलेला, आकडा झूपीडियाशी जुळतो, तरी वेल्फेअर, म्हणजे प्राण्याच्या सुखाचा आकडा, खाली आणि प्राणी एका कोपऱ्यात. इथं बरेच जण पुन्हा कुंपणाला हात घालतात. थांबा. बहुधा ही जागेची तक्रार नाहीच.

प्राणी माणसांमुळे त्रासलेला असतो. लाजाळू जातींना काचेला नाक लावून बघणारी गर्दी सहन होत नाही, आणि ज्या हॅबिटॅटला चारी बाजूंनी रस्ता आहे तिथं त्यांना पाठ फिरवायला जागाच उरत नाही. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी पलायन-अंतराची कल्पना मांडली होती. माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की जंगली प्राणी पळतो. पळायला जागाच नसेल, तर तो ताण घेऊन तिथंच बसतो. जागेच्या आकारमानापेक्षा तिचा दर्जा महत्त्वाचा, हा त्यांचा आग्रह होता. गेममध्ये हे बऱ्यापैकी उतरलंय.

उपाय स्वस्त आहेत. रस्ता एक किंवा दोन बाजूंनाच ठेवा. वन-वे ग्लास लावा, म्हणजे बाहेरून दिसतं, आतून नाही. 'त्रास देऊ नका'च्या पाट्या टाका. आणि प्रेक्षकांच्या समोरच्या टोकाला, गर्दीपासून दूर, झाडीचा एक दाट पट्टा सोडा. जमीन थोडी जाईल, पण प्राणी तिथं जाऊन निवांत बसेल. मी जागेच्या हिशेबात अशा पट्ट्यासाठी सुरुवातीपासूनच दहा-पंधरा टक्के जास्त धरते.

गवत, माती, वाळू, बर्फ यांचं प्रमाण आणि झाडांचा पट्टा बिघडला तरी हॅबिटॅटचा एकूण आकडा पडतो. ते पाच मिनिटांचं काम आहे: पॅनलमधली टेरेनची पट्टी बघत बघत रंगवा आणि प्राण्याच्या खंडाला न जुळणारी झाडं उपटा. तापमानाचंही तसंच. हीटर किंवा कूलरचा परिणाम शेल्टरपर्यंत पोचतोय ना, एवढं बघा.

दुरुस्ती करून झाली की गेम पॉजवरून काढा आणि थोडा वेळ चालू द्या. आकडे लगेच उडी मारत नाहीत. प्राण्याला नव्या जागेत फिरू द्या, झोपू द्या. पॉजवर बसून 'अजून लाल' म्हणणाऱ्यांत मीही एकेकाळी होते.

आणि कुंपण नीट बंद आहे ना?

हा खरं तर पहिला प्रश्न. पण ज्याला विचारावा तो चिडतो, म्हणून मी तो मध्येच हळूच सरकवते. कुंपणाची दोन टोकं जवळ आली आहेत पण जोडलेली नाहीत, असं असेल तर गेमला ते हॅबिटॅट दिसतच नाही. मग कसली जागा आणि कसलं शेल्टर. नेमकं हे होतं टेकडीच्या उतारावर, जिथं कुंपणाचे खांब खालीवर बसतात आणि कॅमेऱ्यातून फट दिसत नाही. कॅमेरा जमिनीलगत आणा आणि कुंपणाच्या कडेकडेनं एक चक्कर मारा. गेटला बाहेरून रस्ता जोडलाय ना, तेही त्याच चकरेत दिसेल.

वॉर्टहॉगांचं वर्ष

वर कबूल केलेली फजिती. फ्रँचाइज या खेळप्रकारात सुरुवातीला पैसे कमी असतात, म्हणून मी एक वॉर्टहॉगांचं (आफ्रिकी रानडुकरांचं) छोटं हॅबिटॅट बांधलं. एक नर, दोन माद्या. जागा भरपूर, शेल्टर भरपूर, सगळ्या पट्ट्या हिरव्या. मी निश्चिंत होऊन दुसऱ्या टोकाला हिमबिबट्याचा तो सुळका बांधायला गेले आणि वेग वाढवून ठेवला. परत येऊन बघते तर जागा लाल, शेल्टर लाल, नर आपापसांत भांडतायत, कीपरला अन्न पुरवता पुरवेना.

कुणीही कुंपण हलवलं नव्हतं. आतले वाढले होते.

पिल्लं लहान असतात तोवर हे लक्षात येत नाही. ती मोठी झाली की जागेची आणि शेल्टरची गरज एकदम चढते. सगळी एका हंगामातली असतील तर एकाच वेळी. त्यातले नर वयात आले की पुढारपणासाठी झुंजी. आणि सख्ख्या भावंडांची पैदास झाली की पुढच्या पिढीचे गुणही घसरतात. अशा वेळी कुंपण वाढवणं म्हणजे फक्त पुढच्या हंगामासाठी सोय करून ठेवणं.

खरा उपाय म्हणजे दर काही महिन्यांनी प्राण्यांच्या यादीवर नजर टाकायची. वयात आलेली जादा पिल्लं ट्रेड सेंटरमध्ये (प्राण्यांच्या देवाणघेवाणीच्या इमारतीत) पाठवायची, किंवा जंगलात सोडायची. जंगलात सोडल्यावर कॉन्झर्व्हेशन क्रेडिट, म्हणजे प्राणी घ्यायचं गेममधलं चलन, मिळतात, आणि फ्रँचाइजमध्ये त्यांच्याइतकी कामाची वस्तू दुसरी नाही. पैदास नको असेल तर गर्भनिरोधक सुरू करायचं. वॉर्टहॉग आणि मोर यांच्या बाबतीत तर पहिल्या दिवसापासून.

सँडबॉक्स, म्हणजे पैशांची चिंता न करता बांधायचा प्रकार, खेळणाऱ्यांना हे सगळं सेटिंगमधून बंद करता येतं. वेल्फेअर बंद, पळून जाणं बंद, झालं. ज्यांना फक्त सुंदर संग्रहालय उभारायचंय त्यांनी खुशाल करावं, त्यात कमीपणा काही नाही. पण मग ट्रॅव्हर्सेबल एरिया चालू करून एकदा तरी बघा, छपराखाली कोण शिरू शकतं ते.

मी त्या दिवशी अकरा वॉर्टहॉग पाठवले, तीन ठेवले. पट्ट्या हिरव्या झाल्या. हे लिहिण्याआधी सहज तो सेव्ह उघडून पाहिला, तर ठेवलेल्या दोन्ही माद्या पुन्हा गाभण. गर्भनिरोधकाचं बटण मी दाबलंच नव्हतं.